बहिणाबाईची तळमळ आणि शरणागति

महाराष्ट्रांतील संतांच्या कथा घरोघरीं सांगितल्या जातात. पण त्यांपैकीं बहुतेक दुसऱ्यांनीं सांगितलेल्या आहेत. महिपतीनें आपला ‘भक्तविजय’ इ. स. १७६२ मध्यें पूर्ण केला. त्या वेळीं ज्ञानदेव-नामदेवांना जाऊन चार शतकांहून अधिक काळ लोटला होता, आणि तुकोबांना जाऊनहि शंभराहून अधिक वर्षें झालीं होतीं. एवढ्या अवधींत आठवणींवर श्रद्धेचीं पुटें चढतात, मूळचा माणूस दिसेनासा होतो, आणि त्याचे चमत्कार तेवढे शिल्लक राहतात. म्हणूनच ज्या एका स्त्रीनें आपल्या अंतःकरणाची तगमग आपल्याच शब्दांत सांगून ठेवली, तिची वाणी अभ्यासकांना आणि भाविकांना सारखीच मोलाची वाटावी यांत नवल नाहीं. ही स्त्री म्हणजे शिऊरची संत बहिणाबाई. तिच्या अभंगांत ‘आत्मनिवेदन’ म्हणून जो भाग आहे, तो मराठींत स्त्रीनें लिहिलेल्या आत्मचरित्राचा अगदीं आरंभींचा नमुना होय. जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्यानें त्याचें इंग्रजी भाषांतर १९२९ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि तेव्हांपासून परभाषीय अभ्यासकांनाहि ही बाई परिचित झाली.

येथें एक खुलासा अवश्य आहे. घरोटीवरच्या आणि शेतमळ्यांतल्या गाण्यांनीं सर्वांच्या ओळखीच्या झालेल्या जळगांवच्या बहिणाबाई चौधरी त्या वेगळ्या. त्यांचा काळ १८८० ते १९५१ असा आहे. शिऊरची बहिणाबाई त्यांच्या अडीचशें वर्षें आधीं, इ. स. १६२८ मध्यें, वेरूळजवळच्या देवगांवीं जन्मली.

तिच्या आत्मनिवेदनाचा विषय एकच आहे, आणि तो म्हणजे तळमळ. जें हवें तें जवळ नाहीं, त्याच्याकडे जाण्याची वाट मोकळी नाहीं, आणि तें मागण्याचा अधिकारहि आपल्याला कोणी देत नाहीं, अशा अवस्थेंत माणसानें ईश्वराला कसें आळवावें, हा प्रश्न तिच्यापुढें आयुष्यभर उभा होता. तिनें त्याचें उत्तर तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतून शोधलें नाहीं; तें तिला संसार करतां करतां सांपडलें.

तिच्या जन्माचा काळ मोठा खडतर होता. ती दोन वर्षांची झाली तेव्हां, १६३० मध्यें, दख्खनेंत भयंकर दुष्काळ पडला. त्यानें गांवेंच्या गांवें ओस पाडलीं. याच दुष्काळांत देहूच्या तुकोबांचा व्यापार बुडाला आणि त्यांची प्रथम पत्नी अन्नावांचून मेली. देवगांवापासून फार दूर नसलेला दौलताबादचा किल्ला १६३३ मध्यें मोगलांच्या हातीं गेला आणि १६३६ मध्यें निजामशाहीच संपली. राज्यें बदलत होतीं, सैन्यें त्याच मुलखांतून पुनःपुन्हां जात होतीं, आणि सामान्य कुटुंबाला उद्यांची शाश्वति उरली नव्हती.

बहिणाबाईचे वडील आऊजी हे देवगांवचे कुलकर्णी. आईचें नांव जानकी. त्या काळच्या रीतीप्रमाणें मुलीचें लग्न अगदीं बालपणीं झालें. नवरा शिऊरच्या पाठक घराण्यांतला, तिशीचा, बिजवर आणि वेदविद्येंत निपुण. बहिणा नऊ वर्षांची असतांना वडिलांच्या घरीं भाऊबंदकीचा कलह पेटला, देण्याचा तगादा लागला, आणि वडिलांना अटकेंत पडावें लागलें. जांवयानें येऊन त्यांची सुटका केली आणि एके रात्रीं या सर्वांनीं गांव सोडलें. आई, वडील, नवरा आणि नऊ वर्षांची बहिणा, असें तें निराधार कुटुंब गोदातीर ओलांडून भिक्षा मागत मागत दक्षिणेकडे निघालें. पंढरपुरीं त्यांचा कांहीं दिवस मुक्काम झाला, नंतर शिंगणापूरच्या महादेवाचें दर्शन झालें, रहिमतपुरीं कांहीं काळ गेला, आणि शेवटीं बहिणा अकरा वर्षांची झाली तेव्हां तीं सर्व कोल्हापुरास येऊन एका वेदसंपन्न ब्राह्मणाच्या आश्रयास राहिलीं. तिच्या भक्तीचा खरा आरंभ येथें झाला.

यजमानाला कोणीं तरी एक कपिला गाय दान दिली होती. ती त्यानें बहिणेच्या नवऱ्याला दिली. गाईबरोबर तिचें काळें वासरूं आलें. त्या वासराला बहिणेचा असा लळा लागला कीं, ती पाण्याला गेली तरी तें मागें, दळणाला बसली तरी तें जवळ. कोल्हापुरांत त्या वेळीं जयरामस्वामी वडगांवकरांचीं कीर्तनें चालत. बहिणा आईवडिलांबरोबर कीर्तनाला जाई आणि वासरूं तिच्यामागून येई. एके दिवशीं गर्दीमुळें लोकांनीं वासराला बाहेर काढलें. तें हंबरूं लागलें आणि इकडे मुलगी रडूं लागली. जयरामस्वामींना हें कळतांच त्यांनीं वासराला आंत आणवलें, त्याच्या आणि त्या मुलीच्या मस्तकावर हात ठेवला, आणि ही कोणी सामान्य मुलगी नव्हे असे उद्गार काढले.

प्रसंग एवढाच. परंतु गांवांत त्याचा बोभाटा झाला. वेदाभिमानी, मानी आणि तापट अशा नवऱ्याच्या कानांवर ही गोष्ट गेली. हरिदासांच्या मेळ्यांत बसून आपल्या बायकोची चर्चा व्हावी हें त्याला सहन झालें नाहीं. त्यानें तिला केंसांना धरून मारलें आणि बांधून टाकलें. गाय आणि वासरूं यांनीं चारापाणी सोडलें. थोड्याच दिवसांत वासरूं मेलें, आणि बहिणा कित्येक दिवस शुद्धीवर नव्हती.

अकरा वर्षांच्या मुलीनें वासराच्या मृत्यूनें मूर्च्छित व्हावें, हें ज्यांना अतिशयोक्तीचें वाटेल त्यांनीं तिची स्थिति ध्यानांत घ्यावी. गांव सुटलेलें, घर परक्याचें, नवरा तिच्यापेक्षां पुष्कळ वर्षांनीं मोठा आणि रागीट. ज्याच्याशीं अबोलपणें मायेची देवघेव चाले असा तो एकच जीव होता, आणि तोहि गेला. शुद्धीवर आल्यावर तिच्या मनांत जें उरलें होतें तें जयरामस्वामींच्या कीर्तनांत ऐकलेलें तुकोबांचें पद. तेव्हांपासून तिला एकच ध्यास लागला: तुकोबांची भेट व्हावी.

ही इच्छा किती अवघड होती याचा विचार करावा. तुकोबा देहूला, बहिणा कोल्हापुरांत. त्या काळीं ही अनेक दिवसांची पायपीट. परंतु खरें अंतर वाटेचें नव्हतें. तुकोबा जातीनें कुणबी, व्यवसायानें वाणी. ही वैदिक ब्राह्मणाची बायको. शूद्राला गुरु करणें हें ब्राह्मण घराला लांछन. आणि स्त्रीनें नवऱ्याच्या अनुज्ञेवांचून गुरु करणें हें त्याहूनहि मोठें लांछन. वेदाचा अधिकार स्त्रीला नाहीं, मंत्राचा नाहीं, आणि घराबाहेर पाऊल टाकण्याचाहि नाहीं. स्त्रीदेहाच्या या पराधीनतेचें दुःख बहिणाबाईनें आपल्या अभंगांतून उघडपणें बोलून दाखविलें आहे.

तिच्या आधींच्या संत-स्त्रियांशीं तुलना केली म्हणजे हा एकाकीपणा अधिक स्पष्ट होतो. मुक्ताबाईला निवृत्ति-ज्ञानदेवांसारखे भाऊ लाभले. जनाबाई दासी खरी, पण नामदेवांच्या घरची. सोयराबाई ही चोखोबांची पत्नी. या सर्वजणींना उंबरठ्याच्या आंतच संतसंगति मिळाली होती. समाज बाहेर प्रतिकूल असला तरी घर अनुकूल होतें. बहिणाबाईचें घरच प्रतिकूल होतें. तिला देवाचें नांव घ्यावयाचें तें मनांतल्या मनांत.

अशा स्थितींत ती जें करीत होती त्यालाच प्रार्थना म्हणावयाचें. तिनें घर सोडलें नाहीं, कोणाशीं वाद घातला नाहीं. दळणकांडण, पाणी, नवऱ्याची सेवा हें सर्व करीत असतांना ती दिवसरात्र तुकोबांना आंतून हाक मारीत राहिली. आणि कार्तिक वद्य पंचमीला, रविवारीं, तुकोबांनीं स्वप्नांत येऊन मस्तकावर हात ठेवला आणि मंत्र दिला, असें ती सांगते.

स्वप्नाच्या खरेखोटेपणाविषयीं इतिहासानें निकाल देण्याचें कारण नाहीं. मात्र त्या स्वप्नाचा अर्थ इतिहासाला निश्चित लावतां येतो. तुकोबांनाहि बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नांतच झाला होता. रीतसर दीक्षेला विधि लागतो, अधिकार लागतो, घरच्यांची आणि समाजाची संमति लागते. स्वप्नाला यांतलें कांहींच लागत नाहीं. ज्या कुणब्याला शास्त्रानें अधिकार नाकारला आणि ज्या स्त्रीला घरानेंहि नाकारला, त्या दोघांनाहि गुरु स्वप्नांतच मिळावा हा केवळ योगायोग म्हणतां येत नाहीं. सर्व दारें बंद झाल्यावर तळमळ जेथून वाट काढते ती ही जागा होय.

परंतु स्वप्नानें संकट संपलें नाहीं, उलट वाढलें. बहिणेला साक्षात्कार झाला ही वार्ता पसरली. लोक तिच्या दर्शनाला येऊं लागले. आणि नवऱ्याकडे कोणी पाहीना. ज्ञान आपलें आणि मान बायकोला, तोहि एका शूद्राच्या स्वप्नामुळें, हें त्या अभिमानी पुरुषाला असह्य झालें. त्यानें तिला आईवडिलांपाशीं सोडून तीर्थयात्रेला निघून जाण्याचा निश्चय केला. त्या वेळीं ती तीन महिन्यांची गरोदर होती.

तिच्या आत्मनिवेदनांतील सर्वांत प्रांजळ भाग येथें येतो. साधारणपणें संतचरित्रांत अशा वेळीं भक्त डगमगत नाहीं. बहिणाबाई डगमगते, आणि तें लपवीत नाहीं. विठ्ठल तर पाषाणाचा, तुकोबा स्वप्नांतले, आणि त्यांच्यापायीं प्रत्यक्ष असलेला पति गमवावयाचा काय, असा विचार आपल्या मनांत आल्याचें ती मोकळेपणानें सांगते. पतीची सेवा हाच आपला धर्म, असा निश्चय ती करते. आणि त्याच वेळीं देवाला विनवीत राहते कीं, या पेंचांतून तूंच सोडीव.

आजच्या वाचकाला हा निश्चय रुचण्यासारखा नाहीं. मारणाऱ्या नवऱ्याचे पाय धरणें याला शरणागति म्हणावयाचें कीं निव्वळ शरणचिठ्ठी, असा प्रश्न कोणीहि विचारील आणि तो रास्तच आहे. पतिव्रताधर्मावरचे तिचे अभंग हे तिच्या काळाचे आहेत; त्यांचें समर्थन करण्याची गरज नाहीं. परंतु दोन गोष्टी नजरेआड करूं नयेत. एक अशी कीं, सतराव्या शतकांत तीन महिन्यांच्या गरोदर स्त्रीला नवऱ्यानें टाकणें म्हणजे काय, हें तिला कोणी शिकवावयास नको होतें. तिच्या भीतीला आधार होता. दुसरी अशी कीं, तिनें नवऱ्याला सेवा दिली, मन दिलें नाहीं. तुकोबांचें नांव सोडण्याचें वचन तिनें कधींहि दिलें नाहीं. आणि पुढें तिनें आपल्याला झालेली मारहाण शब्दांत लिहून ठेवली. घरांतली गोष्ट बाहेर नेऊं नये असें शिकवल्या गेलेल्या पतिव्रतेनें हें करावें, यांत केवढें धैर्य आहे! शेजाऱ्यांकडे तिनें तक्रार केली नाहीं. पण देवापुढें आणि पुढच्या पिढ्यांपुढें ती खरें बोलली.

यानंतर नवरा आजारी पडला. अंगाचा दाह थांबेना, औषध लागू पडेना. बहिणा त्याच्या उशाशीं बसून होती. हरिभक्तांची आणि तुकोबांची निंदा केल्याचें हें फळ असावें असें त्या आजारी माणसाच्या मनानें घेतलें. एका वृद्ध ब्राह्मणानें येऊन त्याला खडसावलें, अशीहि कथा ती सांगते. बरा झाल्यावर तो पालटला. ज्या नवऱ्यानें तिला कीर्तनाला गेल्याबद्दल बांधून ठेवलें होतें, तोच तिला घेऊन देहूला निघाला. कीर्तनाला अनुज्ञा मिळावी एवढेंच तिनें मागितलें होतें. मिळालें तें त्याहून पुष्कळ अधिक. पण तेंहि मारहाण, मूर्च्छा आणि टाकलें जाण्याची भीति यांतून गेल्यावर.

देहूलाहि सुख सरळ मिळालें नाहीं. तेथें मंबाजी गोसाव्याचा मठ होता. या ब्राह्मण कुटुंबानें आपला उपदेश घ्यावा असें त्याला वाटे. आम्हीं तुकोबांना गुरु केलें आहे, असें उत्तर मिळतांच तो चवताळला. ब्राह्मणांनीं शूद्राचे पाय धरावे हा धर्मभ्रंश आहे, यांना वाळींत टाकावें, अशी खटपट त्यानें चालविली. पुण्याच्या आपाजी गोसाव्याकडेहि तक्रार नेली. मंबाजीनें तर या कुटुंबाची गाय पळवून तिला बांधून मारलें, आणि त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उठले असें बहिणाबाई लिहिते. वळांची गोष्ट श्रद्धेची असेल. पण गाय पळविणें, मारणें आणि बहिष्काराची धमकी देणें ही त्या काळच्या समाजाची खरी रीत होती. या सर्वांत लक्षांत ठेवण्यासारखें हें कीं, या वेळीं तिचा नवरा तिच्या बाजूनें उभा होता.

देहूला तिनें तुकोबांचीं कीर्तनें प्रत्यक्ष ऐकिलीं. काशी ही मुलगी आणि विठ्ठल हा मुलगा अशीं तिला अपत्यें झालीं. पण हें सान्निध्य फार वर्षें टिकावयाचें नव्हतें. सुमारें १६५० मध्यें तुकोबांचें निर्याण झालें. बहिणाबाईचें वय त्या वेळीं बाविसाच्या आसपास होतें, आणि तिच्यापुढें अजून पन्नास वर्षांचें आयुष्य होतें.

या पन्नास वर्षांचा विचार केल्यावांचून तिच्या भक्तीचें मर्म कळत नाहीं. ज्याच्यासाठीं एवढें सोसलें तो गुरु थोडाच काळ लाभला. तळमळ केवळ भेटीची असती तर ती भेटीबरोबर संपली असती, किंवा वियोगानें तिचें निराशेंत रूपांतर झालें असतें. तसें झालें नाहीं. तिची तळमळ आतां विचारांत उतरली. ज्या वर्णाभिमानानें तिच्या वाटेंत एवढे कांटे पसरले होते, त्याच्या मुळाशीं तिनें हात घातला. अश्वघोषाच्या नांवावर मोडणाऱ्या ‘वज्रसूची’ या संस्कृत प्रकरणाच्या आधारें तिनें मराठींत अभंग रचिले. ब्राह्मण कोणास म्हणावें? देहाला, जातीला, विद्येला, कीं कर्माला? एकेक पर्याय खोडून काढीत ती अशा निर्णयाला येते कीं, ज्याला ब्रह्माचें ज्ञान झालें तोच ब्राह्मण, मग त्याचा जन्म कोठेंहि होवो. वेदाचा अधिकार नाकारलेल्या बाईनें, कुणबी गुरूवर झालेल्या आक्षेपाला, शास्त्राच्याच भाषेंत दिलेलें हें उत्तर आहे. ईश्वराला शरण जाणारा मनुष्य दुबळा आणि निष्क्रिय होतो असें म्हणणारांनीं हे अभंग अवश्य वाचावे.

वारकरी पंथ म्हणजे एक मंदिर, ज्ञानदेव त्याचा पाया आणि तुकोबा त्याचा कळस, हें रूपक महाराष्ट्रांत प्रत्येकाच्या तोंडीं आहे. तें बहिणाबाईचें म्हणून प्रसिद्ध आहे. साडेतीनशें वर्षांच्या परंपरेला एका दृष्टिक्षेपांत पाहण्याची ही शक्ति तिच्या ठिकाणीं होती. पुढें समर्थ रामदासांशींहि तिचा स्नेहादराचा संबंध आल्याचें परंपरा सांगते. अखेरचा काळ तिनें शिऊरला काढला. मरणसमय जवळ आल्याचें जाणून तिनें मुलाला बोलावून घेतलें आणि आपल्या पूर्वजन्मांची हकीकत त्याला सांगितली. मागचे बारा जन्म एकाच शोधांत गेले आणि हा तेरावा, असें ती म्हणते. इ. स. १७०० मध्यें, बहात्तराव्या वर्षीं, तिनें देह ठेविला. वैजापूर तालुक्यांतील शिऊर येथें तिची समाधि आहे.

तिच्या गुरूचें उदाहरण याच संदर्भांत पाहण्यासारखें आहे. अभंगांच्या वह्या इंद्रायणींत बुडाल्यावर तुकोबा नदीतीरावर तेरा दिवस अन्नपाणी वर्ज्य करून बसले, ही कथा सर्वश्रुत आहे. तें देवाच्या दारींचें धरणें होतें. त्यांत हक्काची मागणी होती. तुकोबा देवाशीं भांडले, कारण भांडण्यापुरती मोकळीक त्यांना होती. बहिणाबाईला शिळेवर जाऊन बसण्याचीहि मोकळीक नव्हती. तिचें धरणें चुलीपाशीं, जात्यापाशीं आणि आजारी नवऱ्याच्या उशापाशीं चाललें. दोघांचीहि शरणागति खरी. मात्र दोघांच्याहि शरणागतींत मागणें सोडून देणें नव्हतें. तुकोबांनीं तें देवाकडे भांडून मागितलें, बहिणाबाईनें गप्प राहून मागितलें.

प्रार्थनेनें बहिणाबाईचें दुःख टळलें असें तिच्या चरित्रावरून म्हणतां येणार नाहीं. वासरूं परत आलें नाहीं, अंगावर पडलेला मार फिटला नाहीं, गुरुहि थोड्या वर्षांत अंतरले. पण गांव, घर, मान, निर्भयता हीं एकेक करून सुटत असतांना तिच्या हातांत एक धागा शेवटपर्यंत राहिला. आणि तो कोणी दिलेला नसल्यामुळें कोणाला हिसकावूनहि घेतां आला नाहीं. तिच्या घरच्यांना, मंबाजीला किंवा त्या काळच्या धर्मपीठांना ज्या बाईला बोलूं द्यावयाचें नव्हतें, तिचेच अभंग आज कीर्तनांतून म्हटले जातात आणि विद्यापीठांतून अभ्यासिले जातात.